घाटावर विंडोज, घाटाखाली लिनक्स

दाजींच्या लॅपटॉपवर काही काम काढायचं असेल तर आदल्या रात्री सांगून ठेवावं लागतं. सकाळी आंघोळीला जाता जाता ते बटण दाबतात. मग आंघोळ, पूजा, चहा-पोळी सगळं उरकून येतात, पडद्याकडे वाकून बघतात आणि म्हणतात, "येऊन राह्यलं. घाई नाई करा लागत त्याले."

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मुक्काम रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलडाणा. जवळच्याच एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. रोहिणखेड दिसायला साधं, कपाशी-मक्याचं गाव, पण इतिहासात त्याचं नाव आहे. १४३७ साली इथे बहमनी सरदार खलफ हसनने खानदेशच्या नासिरखानाचा पराभव केला. १५९० साली पुढे निजामशहा झालेल्या बुऱ्हाणने जमालखान महदवीला इथेच हरवलं. त्या जमालखानाचा अनुयायी खुदावंतखान, त्याने १५८२ मध्ये बांधलेली मशीद अजून गावात उभी आहे. आलेल्या पाहुण्याला दाजी ती दाखवायला आवर्जून घेऊन जातात. पाहुण्याला वाटतं, केवढं हे इतिहासप्रेम! खरी गोष्ट अशी की जाऊन येईपर्यंत लॅपटॉप सुरू होतो.

लॅपटॉप भाचा अकरावीला गेला तेव्हा घेतलेला. बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे तो सदानकदा भिंतीतल्या प्लगाला बांधलेला. झाकणाच्या बिजागरीला फेव्हिक्विक. आत चार जीबी रॅम, आणि मिनिटाला ५४०० फेरे मारणारी एक टीबीची जुनी हार्ड डिस्क. या एवढ्याशा संसारात दोन सिस्टीम नांदतात, विंडोज आणि उबुंटू लिनक्स. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर ग्रबचा मेनू येतो: कुठे जायचं? दहा सेकंदांत काही सांगितलं नाही तर यादीतल्या पहिल्या नावावर, म्हणजे उबुंटूवर गाडी निघते. दाजी बटण दाबून आंघोळीला गेलेले असल्यामुळे उबुंटूच उघडतं. शाळेची माहिती मात्र विंडोजमध्ये भरायची असते. मग "अरेच्चा, इकळे आलं का हे," असं म्हणून ते सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तेवढ्यात त्यांची दाढी होते.

एका लॅपटॉपात दोन सिस्टीम कशा राहतात, हे मी एकदा विचारलं होतं. बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला समजेल असं उत्तर दाजींनी तयारच ठेवलं होतं.

"आपल्या जिल्ह्याचे भाग किती?"

"दोन. घाटावरचा अन् घाटाखालचा."

"बस. घाटावर विंडोज, घाटाखाली लिनक्स. अन् मधातला राजूर घाट म्हंजे हा ग्रब. कुठंही जा, घाटातूनच जा लागते."

"अन् जाम कुठे लागतो?"

"थेच तं शोधून राह्यलो ना बाप्पा!"

हा शोध फार वर्षं चालू आहे. दाजींना लिनक्स लागलं ते पोस्टाने. उबुंटूवाले २०११ पर्यंत मागेल त्याला फुकट सीडी घरपोच पाठवत. दाजींनी तेव्हा तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत बसून अर्ज भरला आणि विसरून गेले. काही आठवड्यांनी परदेशी शिक्क्यांचं जाड पाकीट घेऊन पोस्टमन दारात. गुरुजींना बाहेरदेशातून काहीतरी आलं, ही बातमी पाकीट फुटायच्या आत पारावर पोचली. कुणी म्हणालं नोकरीचा कॉल आहे, कुणी म्हणालं लॉटरी. ताईच्या सासूबाईंनी ते पाकीट आधी देवासमोर ठेवून त्याला हळद-कुंकू वाहिलं. आतल्या सीड्यांपैकी एक दाजींनी वापरली. उरलेल्या पुढे मक्यात दोऱ्याला बांधून टांगल्या, पाखरं भ्यावीत म्हणून. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टात आपण छंद म्हणून एक सिस्टीम लिहितोय असं जगाला कळवलं, हे दाजी शिक्षकदिनाच्या भाषणात दरवर्षी सांगतात. चौथीची पोरं टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं लिनस हा गुरुजींचा वर्गमित्र.

दाजींची खरी दौलत म्हणजे त्यांचं रजिस्टर. शाळेतलं जुनं, पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं हजेरीपुस्तक. डावीकडे तारीख, मग विंडोज, मग लिनक्स, शेवटी शेरा. प्रत्येक वेळी लॅपटॉप सुरू व्हायला लागलेला वेळ त्यात मिनिट-सेकंदांत लिहिलेला. पूर्वी मनगटावरच्या एचएमटीवर मोजायचे, आता मोबाइलच्या स्टॉपवॉचवर. शेरे वाचण्यासारखे आहेत. "विंडोज ४ मि. १० से. प्रगती असमाधानकारक." "लिनक्स २ मि. ४८ से. प्रयत्न चांगले, सातत्य हवे." "लाईट गेली, गैरहजर." मे महिन्यातल्या एका पानावर नुसतं "उन्हामुळे दोघेही मंद" एवढंच आहे. एका ठिकाणी लाल शाईत, "पालकांना भेटायला बोलावणे." इथे पालक म्हणजे कोण, ते मला अजून उमगलेलं नाही. मायक्रोसॉफ्ट असावी.

लॅपटॉप सुरू झाला असं केव्हा म्हणायचं, याबद्दल दाजींचे नियम कडक. पडद्यावर गजानन महाराजांचा फोटो आला म्हणजे सुरू झाला, असं भोळ्याभाबड्यांना वाटतं. दाजी त्यानंतर निळं गोल चक्र थांबायची वाट बघतात. ते थांबलं की उजवी टिचकी मारून 'रिफ्रेश' करतात. तेही एकदा करून भागत नाही. एका लयीत, जपमाळ ओढावी तसे पाच-सात वेळा. रिफ्रेश अडखळलं नाही, तरच घड्याळ बंद. शेगावचा तो फोटो मोठ्या आकाराचा आहे आणि त्यामुळेच उशीर होत असेल, असं भाच्याने एकदा सुचवून पाहिलं. दाजींनी त्याच्याकडे असं बघितलं की पोरगं तीन महिने घरी फोन करताना आधी आईलाच मागायचं.

विंडोजवर दाजींनी केलेले उपचार सांगायचे तर वेगळा अंक काढावा लागेल. लॅपटॉपात एक अँटिव्हायरस होता. तो नीट काम करतोय की नाही ते बघायला त्यांनी दुसरा घातला. दोघं मिळून प्रत्येक फाइल दोनदा तपासू लागले. सुरू होतानाच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी टास्क मॅनेजरमध्ये दिसते. ती उघडून बघितली तर तिच्यात एका प्रिंटरचा सहायक होता. तो प्रिंटर ताईने भंगारवाल्याला देऊन त्याच्या बदल्यात चाळणी घेतली होती. शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी कळवलं की 'एमएसकॉन्फिग'मध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या चार केली की वेग चौपट होतो. विंडोज सगळे प्रोसेसर तसंही वापरतेच. ती खूण कमी प्रोसेसरवर चाचणी घेऊ पाहणाऱ्यांसाठी असते. दाजींनी चार केली आणि रजिस्टरात लिहिलं, "किंचित फरक जाणवतो." प्रीफेच नावाच्या फोल्डरात विंडोज स्वतःसाठी टिपणं ठेवते, कुठला प्रोग्राम उघडताना कुठल्या फाइली लागतात याची. दाजी दर रविवारी ती कचरा समजून झाडून टाकत आणि सोमवारी सिस्टीम मंद का झाली म्हणून कपाळाला हात लावत.

फास्ट स्टार्टअपचं प्रकरण त्याहून नाजूक. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ही सोय आहे. बंद करतो म्हटलं तरी विंडोज पुरती बंद होत नाही. आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर उतरवून झोपी जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. त्याने वेळ वाचतो. पण अशा अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्स काही लिहायला तयार होत नाही. फाइली वाचू देतं, बदलू देत नाही. म्हणजे फास्ट स्टार्टअप चालू ठेवलं तर लिनक्स रुसतं आणि बंद केलं तर विंडोज रेंगाळते. दाजी कधी याची बाजू घेतात, कधी तिची. "दोघायचंबी राखा लागते," असं ते म्हणतात तेव्हा ताई स्वयंपाकघरातून हमखास भांडं आपटते. त्यांचे आई-वडील आणि ताई यांच्यात दाजींनी एवढी निगुती कधी दाखवली नव्हती, असं तिचं म्हणणं.

घड्याळाने तर एकदा त्यांची पार शोभा केली. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात लिनक्स ग्रिनिचची वेळ लिहून ठेवतं. विंडोज तीच वेळ गावातली समजते. आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा. इंटरनेट असेल तर विंडोज थोड्या वेळाने आपली वेळ सुधारून घेते, पण त्या दिवशी रेंज नव्हती. गुरुजींचं दुपारी दोनचं ऑनलाइन प्रशिक्षण. त्यांनी लॅपटॉपमध्ये पाहिलं तर साडेआठ. म्हणाले, लय टाइम हाय, मळ्यातून चक्कर मारून येतो. ताईने सांगितलं की भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजलेत, सूर्य डोक्यावरून कलला. दाजी म्हणाले, "अवं, भिंतीवरचं घड्याळ सेलवर चालते. हे कॉम्प्युटरचं हाय." आणि गेले. परत आले तेव्हा प्रशिक्षणही संपलं होतं आणि हजेरीही. त्या रात्री रजिस्टरात शेरा पडला: "वेळेत फरक. लिनक्स परदेशी वळणाचे." एका ओळीची आज्ञा देऊन लिनक्सलाही गावची वेळ लिहायला लावता येतं, हे त्यांना कळलं ते पुढच्या आठवड्यात. तोवर लॅपटॉपच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली होती, "+ साडेपाच."

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप करून हा माणूस लॅपटॉपवर करतो तरी काय? २०२३ च्या खरिपात सरकारने एक रुपयात पीक विमा आणला तेव्हा मी तिथेच होतो. जुलैचा शेवट, सेवा केंद्रावर ही रांग. दाजी म्हणाले, आपल्या घरी लॅपटॉप हाय, आपण काहून रांगेत उभं राहाव? बटण दाबलं. विंडोजने अपडेट सुरू केले. टक्केवारी तीसवर येऊन थांबली, आणि त्याच वेळी लाईट गेली. लाईट आल्यावर विंडोज म्हणाली, मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं, आधी डिस्क तपासते. ताईने काही न बोलता सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक पिशवीत घातलं, चपला घातल्या आणि निघाली. ती रांगेत उभी राहून, विमा भरून, येताना मेथीची जुडी घेऊन परत आली तेव्हा दाजी विजयी चेहऱ्याने बसले होते. "सुरू झाला!" ते म्हणाले. ताईने पावती त्यांच्यापुढे ठेवली. दाजींनी ती बाजूला सरकवून रजिस्टर ओढलं. "अपडेटचा टाइम यातून वजा करा लागन," असं पुटपुटत त्यांनी आकडा लिहिला आणि, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, लॅपटॉप बंद केला.

सुरू झाला की बंद. दाजींच्या लेखी सुरू होणं हेच कार्य. त्यानंतरचं नुसतं जेवणावळीसारखं. आकडा लिहून झाला की त्या यंत्राशी त्यांना काही देणंघेणं उरत नाही. बातम्या मोबाइलवर, कापसाचा भाव मोबाइलवर, भाच्याशी बोलणं मोबाइलवर. शाळेची माहितीसुद्धा अखेर शेजारच्या शाळेतल्या मॅडम भरून देतात.

आणि वेगाचं वेड म्हणावं तर तसंही नाही. त्यांची मोटारसायकल घ्या. तिचं सेल्फ स्टार्टर मेल्याला जमाना झाला. हिवाळ्यात कीक मारून मारून त्यांच्या पोटरीला गोळे येतात. मग शाळेला उशीर होतो म्हणून दोन पोरं उतारावरून गाडी ढकलत नेतात आणि दाजी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडतात. या गाडीसाठी रजिस्टर नाही, स्टॉपवॉच नाही. दुरुस्त का करत नाही विचारलं तर म्हणतात, "होते ना सुरू. काय घाई हाय?"

लिनक्सच्या आजाराची कथा मात्र वेगळी. त्यात दाजींनी खरोखर डॉक्टरकी दाखवली, आधी रोग स्वतःच लावून का होईना. झालं असं की उबुंटूच्या शेजारी आणखी एक लिनक्स ठेवून बघावं असं त्यांच्या मनात आलं. त्या नव्या पाहुण्याने आल्या आल्या डिस्कवरची स्वॅपची जागा नव्याने आखून घेतली. तशी आखणी झाली की त्या जागेचा ओळखक्रमांक बदलतो. जुन्या उबुंटूच्या यादीत मात्र जुनाच क्रमांक. तेव्हापासून उबुंटू सुरू होताना पडद्यावर लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे पळू लागल्या आणि खाली ओळ आली की अमुक क्रमांकाच्या डिस्कसाठी काम चालू आहे, मर्यादा एक मिनिट तीस सेकंद. सेकंद एकेक करून वाढत. पुरे नव्वद झाले की उबुंटू निराश होऊन पुढे चालायला लागे.

दाजी रोज त्या चांदण्या बघत बसायचे. हार्ड डिस्क मरायला टेकली असं त्यांनी आधी गावात जाहीर केलं. दोघं-तिघं भेटायलाही येऊन गेले. मग पुण्याहून भाच्याने फोनवर एक आज्ञा सांगितली: सिस्टीमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम. ती दिली की सुरू होताना कुणी किती वेळ खाल्ला याची यादी येते, सगळ्यात खादाड सगळ्यात वर. दाजींना असं काही जगात असतं हे माहीत नव्हतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. पूर्ण यादी त्यांनी सुवाच्य अक्षरात रजिस्टरात उतरवून काढली आणि नापास पोरांच्या नावांवर मारतात तशा लाल फुल्या मारल्या. मग एकेकाला बाहेर काढायला सुरुवात केली. इंटरनेटची वाट बघत बसणारी सेवा बंद केली, ठीक. प्रिंटरची बंद केली; प्रिंटर नव्हताच. ब्लूटूथ बंद. त्या यादीतली बरीच मंडळी एकाच वेळी आपापलं काम करत असतात, वरचा म्हणजे दोषी असं नसतं, कोण कुणासाठी अडलं ते वेगळी आज्ञा देऊन बघावं लागतं, हे भाचा दुसऱ्या दिवशी सांगणार होता. तोवर दाजींनी पडदा दाखवणारी सेवाच बंद केली होती. लॅपटॉप फार लवकर सुरू झाला, असं ते म्हणतात. फक्त दिसत काही नव्हतं.

ते दुरुस्त करताना ग्रब मोडला. आता घाटच कोसळला म्हटल्यावर ना वर जाता येईना, ना खाली. काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरं. दाजींच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस ते. शाळेतून आले की सदरा खुंटीला, पेनड्राइव्ह हातात. त्या पेनड्राइव्हला नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधलेला आहे; तिच्यात लॅपटॉप जिवंत करायची सगळी औषधं असतात आणि ती कायम सदऱ्याच्या खिशात, चष्म्याच्या घरापाशी. गावातला जो भेटेल तो विचारायचा, "गुरुजी, उठलं का?" दाजी मान हलवायचे, "अजून नाई. पण पल्स हाय."

शेवटी उठलं. यादीतला जुना क्रमांक खोडून नवा घातला, आणि त्या लाल चांदण्या गेल्या त्या गेल्या. दाजींनी ती ओळ मला दाखवली तेव्हा त्यांचा आवाज जरा कापला होता. "पाहा साळेबुवा. ज्याले बोलावून राह्यलं होतं तो कवाचाच गेलता. अन् हे बिच्चारं रोज दीड मिनिट दारात उभं."

तरीही एक कोडं राहिलं. कधीमधी रजिस्टरात लोडर या सदराखाली तीन-तीन मिनिटं दिसायची, आणि कारण काही केल्या सापडेना. ते शोधलं ताईने, तूर निवडता निवडता. मेनू आला की दाजी खालच्या बाणाचं बटण दाबतात. बटण दाबलं की ग्रबची दहा सेकंदांची मोजणी थांबते आणि तो माणसाच्या हुकमाची वाट बघत राहतो. मग दाजी यादी वाचायला चष्मा शोधतात. चष्मा देवळीत असतो, टीव्हीवर असतो, एकदा तर तो कपाळावर होता. तो शोधण्यात गेलेला सगळा वेळ यंत्र इमानेइतबारे आपल्या खात्यात मांडून ठेवत होतं. "त्या यादीत सगळ्यात वर तुमचं नाव लिवा," ताई म्हणाली. दाजींनी खरंच लिहिलं. शेरा: "सूचना दिली."

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला, आणि विंडोज ११ या जुन्या लॅपटॉपवर अधिकृतपणे चढत नाही. दाजींनी ही बातमी आपण आधीच वर्तवली होती अशा थाटात सगळ्यांना सांगितली. "म्हून म्हणत होतो, खालचा रस्ता उघडा ठेवा." त्या दिवाळीला भाचा घरी आला तो पुण्याहून एक छोटी चपटी डबी घेऊन. एसएसडी. जुन्या डिस्कसारखं तिच्यात फिरणारं काही नसतं, सगळं चिपमध्ये. खरं औषध हेच होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं, दाजींनासुद्धा. त्यांनी ते वर्षानुवर्षं टाळलं होतं. कधी महाग आहे म्हणून, कधी नवं तंत्र जरा मुरू द्यावं म्हणून, आणि एकदा तर अधिकमास आहे म्हणून.

भाच्याने दुपारी सगळा संसार जुन्या डिस्कवरून नव्या डबीत हलवला. दाजी शेजारी बसून होते. बटण दाबलं. घरघर नाही, कटकट नाही.

"आवाज नाई येऊन राह्यला," दाजी म्हणाले. "जित्तं हाय का नाई, कसं समजा?"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत महाराजांचा फोटो आला. निळं चक्र दिसलंही नाही. रिफ्रेश एकदाही अडखळलं नाही. स्टॉपवॉच सुरू करायचं राहूनच गेलं होतं, म्हणून पुन्हा केलं. विंडोज सोळा सेकंद. लिनक्स तेवीस, त्यातले दहा मेनूचे.

"पप्पा, आता सगळ्यात जास्त वेळ हा मेनूच खातोय," भाचा म्हणाला. "दोन सेकंदांवर आणून टाकू?"

"राहू दे," दाजी म्हणाले. "माणसाले विचार कराले टाइम पाहिजे."

पुढचे काही दिवस घरात कुणी आजारी असल्यासारखं वातावरण होतं. ताईच मला फोनवर म्हणाली, येऊन जा रे दोन दिवस, यांचं कशात लक्ष नाही. रजिस्टरचं पान कोरं. सकाळी बटण दाबून आंघोळीला जायची सोय उरली नव्हती. टॉवेल खांद्यावर टाकेपर्यंत लॅपटॉप हात जोडून तयार. आता याच्यावर काहीतरी काम करावं लागणार की काय, अशी भीती दाजींच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली. एक दिवस त्यांनी खरोखरच शाळेचा एक तक्ता उघडला, दोन रकाने भरले आणि उठून जाऊन मोटारसायकल पुसली.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र आतून हाक आली, "साळेबुवा, या या, इकळे या!" जाऊन बघतो तर लिनक्स बंद होत होतं आणि पडद्यावर त्या जुन्या लाल चांदण्या. कुठली तरी सेवा बंद व्हायला तयार नव्हती आणि सिस्टीम तिची समजूत काढत थांबली होती. दाजींचा चेहरा उजळला होता. डाव्या हातात स्टॉपवॉच, उजव्या हाताने ते पट्टी लावून रजिस्टरात नवा रकाना आखत होते. वर लिहिलं, 'बंद'.

"सुरू कोणीबी होते हो," ते म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरच्या बॅगेवर गेली. "तुमचा किती घेते?"

"काय?"

"लॅपटॉप. बंद हुयाले."

मी कधी मोजलं नव्हतं. "अहो, त्याला जेवू तरी द्या," ताई आतून म्हणाली. तोवर दाजींनी पान उलटलं होतं, आणि वर, माझं आडनाव आधी अशा शाळेच्या पद्धतीने, माझं नाव लिहून झालं होतं.